शिरसाट बाईंची खिडकी

मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या खिडकीला रांग लागायची. मी रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, कसलं तरी वाटप चालू असेल. जवळ जाऊन पाहिलं, तर एक म्हातारा गजांमधून गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी आत देत होता. आत बाकावर बसलेली तिसरीतली एक मुलगी ती चिठ्ठी उजेडाकडे धरून मोठ्याने वाचत होती. गोळीचं नाव अडखळत वाचलं, मग खालचं ‘दोन वेळा, जेवणानंतर’ नीट वाचलं. तिच्या मागे हाताची घडी घालून उभ्या असलेल्या शिरसाट बाईंनी विचारलं, “मंग काय?”

“मंग आजा, आदी भाकर खायची, मंग गोळी,” मुलगी म्हणाली.

“आन् भाकरच नसली तर?” म्हाताऱ्याने विचारलं.

मुलीने वळून बाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघती? चिठ्ठी तुझ्या हातात हाय.”

मुलीने जरा विचार केला. “तर मंग हितंच बसा. आमची खिचडी शिजती हाय.”

“बरं,” बाई म्हणाल्या. पुढे दोन वर्षांत मला कळलं की ‘बरं’ ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी.

पाटोदा तालुक्यातल्या त्या गावची शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या, शिक्षकांच्या दोन जागा. त्यातली एक रिकामी होती आणि एका संस्थेने मला मानधनावर तिथे पाठवलं होतं. मी परळीची. वडील वीज केंद्रात होते, त्यामुळे कॉलनीतच वाढले आणि शाळा सगळी इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी बोलायचो, पण मराठी पुस्तक मी हातात धरत नसे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी ते पहिल्याच दुपारी शोधून काढलं. त्यांनी चौथीचं पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाल्या, “वाच.” मी वाचलं. जोडाक्षरांपाशी थांबत, पण पान संपवलं.

“कोण हाय ह्याच्यात?”

मी सांगितलं.

“काय झालं?”

तेही सांगितलं.

“मंग काय?”

मी म्हणाले, धडा तिथेच संपतो.

“धडा संपला. म्हनून काय झालं? बस तिसरीच्या पोरांत आठ दिस.”

मी बसले. मुलांना त्याचं काही वाटलं नाही, आणि मलाही दोन दिवसांनी वाटेनासं झालं.

बाईंचं शिकवणं त्या तीन प्रश्नांवर उभं होतं. धड्याखालचा स्वाध्याय त्या क्वचितच घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकातले प्रश्न पोरगं वाक्य शोधून सोडवतं, त्यासाठी धडा कळावा लागत नाही. म्हणून ती खिडकी. गावात ज्याला ज्याला कागद वाचून हवा असेल त्याने मधल्या सुट्टीत यायचं. विजेचं बिल, रेशनच्या दुकानातली सूचना, लग्नाची पत्रिका, मोबाइलवरचा निरोप, काहीही. मुलं पाळीपाळीने वाचायची. नियम एकच. मधेच थांबायचं नाही, आधी शेवटापर्यंत वाचायचं आणि मगच अर्थ सांगायचा. “अर्ध्यात थांबला तो फसला,” बाई म्हणायच्या. एकदा एका मुलाने लांबच्या गावची पत्रिका वाचली आणि ‘मंग काय’ला उत्तर दिलं, “मंग जाऊ नका मामा, लई लांब हाय आन् जेवणाचं काय लिहिलं न्हाई.” बाई हसल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या.

त्या हसायच्या तो प्रत्ययांचा तास. ‘प्रत्यय’ हा शब्द त्या वर्गात वापरायच्या नाहीत, ‘शेपूट’ म्हणायच्या. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर शब्द लिहिलेले. अर्ध्या मुलांच्या गळ्यात शब्द, अर्ध्यांच्या गळ्यात शेपटं. शेपटाने आपला शब्द शोधायचा आणि त्याच्या मागे जाऊन खांदा धरायचा. ‘दार’ने ‘दुकान’चा खांदा धरला की वर्ग टाळ्या वाजवायचा. जमलं नाही की सगळे एका सुरात ओरडायचे, “सुटलं!” एकदा ‘वान’ गळ्यात असलेलं पोरगं ‘गाडी’ सापडेना म्हणून सरळ बाईंच्याच मागे जाऊन उभं राहिलं.

“बाईवान,” बाई म्हणाल्या. “गाडी हाकतो तो गाडीवान. मंग बाईवान कोण?”

“तुमचे मालक,” मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंचे यजमान त्यांच्या गावी, युसूफ वडगावला, शेती बघायचे आणि शनिवारी त्यांना घ्यायला मोटारसायकलवर यायचे. एक अबोल माणूस, फाटकाबाहेरच थांबायचा.

“त्यो?” बाई म्हणाल्या. “त्यो नुसता पिशवी धरतो.” आणि हसल्या. हसताना तोंडावर पदर घ्यायच्या, समोरचा एक दात नव्हता म्हणून.

एरवी त्या कडक होत्या, आणि सगळ्यांना आवडत होत्या असंही नाही. मुलं रडली तर जवळ घ्यायच्या नाहीत. उशिरा आलेल्या मुलाऐवजी त्याच्या आईला बोलवून घ्यायच्या आणि भर वर्गात बोलायच्या. डबा एकट्या खायच्या, भिंतीकडे तोंड करून. वाचन तपासायला एकदा तालुक्याचे साहेब आले होते. आमच्या ओंकारने समुद्रावरचा उतारा एका दमात वाचला. साहेब म्हणाले, “व्वा.”

“साहेब, त्याला विचारा,” बाई म्हणाल्या.

“काय विचारू?”

“काय बी.”

साहेबांनी विचारलं. ओंकारने उताऱ्याची शेवटची ओळ पुन्हा म्हणून दाखवली.

“त्याला येत न्हाई,” बाई म्हणाल्या. “न्हाई असं लिहा.”

“बाई, वाचलं की त्यानं.”

“तोंडानं वाचलं.”

आसपासच्या शाळांत सगळी मुलं वाचणारी निघाली. आमच्याकडे नऊ मुलं मागे, आणि बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी एका ओळीचा दिला: मुलांची नावं खाली आहेत, पुन्हा येऊन तपासावं. पुन्हा कोणी आलं नाही.

ओंकारला येत नव्हतं त्याचं कारण बाईंना माहीत होतं. तो आधीची दोन्ही वर्षं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता. त्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की कुलूप लावायची. कारखान्याकडे कोणी कोल्हापूर भागात, कोणी कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या सुमारास परत. मूल तोपर्यंत अक्षरं विसरलेलं असायचं. जी मुलं आजी-आजोबांकडे राहतील त्यांना शाळेतच दोन वेळचं जेवण मिळायचं, तशी सरकारी सोय होती. पण सोय असून भागत नव्हतं. नऊ-दहा वर्षांची मुलगी फडावर लागायची. फड म्हणजे उसाचं तोडीला आलेलं रान. तिथे नवराबायको दोघं मिळून एक कोयता धरतात. त्यांचं तान्हं मूल दिवसभर सांभाळते ती त्यांची मोठी मुलगी.

म्हणून दिवाळीच्या आधी बाई चालू लागायच्या. शाळा सुटली की घरोघर. कधी मीही बरोबर असायचे, बोलायची वेळ मात्र माझ्यावर आली नाही. त्या वर्षी शेवटचं घर मंदाचं होतं. पहिल्या दिवशी चिठ्ठी वाचणारी कोमल तिची मुलगी. मंदा भांडी गोणीत भरत होती. कोमलच्या कडेवर तिची बहीण परी, सव्वा वर्षाची, कोमलची वेणी तोंडात घालून चोखत होती.

“हिला ठिव,” बाई उंबऱ्यावर बसत म्हणाल्या.

“आन् परीला कोन बघंल? म्या कोयता धरू का पोर धरू?”

“कडंला झोळी बांद. दुसऱ्या बाया न्हाईत का?”

“दुसऱ्या बाया बी कोयत्यावरच असत्यात, बाई.”

“तू बी अशीच गेलतीस,” बाई म्हणाल्या. “दुसरीतनं. माझ्याच वर्गातनं. तुझा भाऊ कडंवर व्हता. आज तुला चिठ्ठी वाचता येती का?”

बाईंची पहिली नेमणूक त्याच शाळेत होती, मधल्या बदल्या संपवून त्या पुन्हा तिथे आल्या होत्या. मंदा त्यांच्या पहिल्याच वर्षीच्या मुलांतली. तिने गोणीतून एक परात काढली आणि पुन्हा आत घातली. तिचा नवरा बाळू भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “ठिवा. बाई म्हनत्यात तर ठिवा.”

“म्या हाय हितं,” बाई म्हणाल्या, तेव्हा मंदाने हो म्हटलं.

परत येताना त्या भराभर चालत होत्या. मला म्हणाल्या, “ह्या पोरीचं होईल.” इतकं मोकळं त्यांना बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

कोमल गावात राहिली, आजीपाशी. आजीचं नाव गयाबाई. तिला ऐकायला कमी यायचं, फोनवर तर काहीच नाही. म्हणून त्यांच्या टोळीच्या मुकादमाचा मुलगा आठवड्याला मोबाइलवर खुशाली लिहून पाठवायचा आणि गयाबाई तो मोबाइल घेऊन खिडकीशी यायची. शक्यतो कोमलच वाचायची. ‘मंदा बरी आहे. परीला दाढा आल्या.’ कोमल आजीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायची आणि रांगेतले लोक हसायचे. त्या दोन महिन्यांत ती फार पुढे गेली. माझ्यापेक्षा भरभर वाचायची.

जानेवारीत एका दुपारी गयाबाई रांगेत दुसरी होती. तिचा नंबर आला, मोबाइल आत आला. कोमलने वाचायला सुरुवात केली. बाईंनी शिकवलं होतं तसं, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून.

“आपणास कळविण्यात येते की. काल दुपारी फडात ट्रॅक्टर मागे घेताना. परी उसाच्या पाचटावर झोपली होती ती चाकाखाली आली.”

बाई पुढे झाल्या. हात लांब केला. कोमल थांबली नाही.

“दवाखान्यात नेली पण उपयोग झाला नाही. माती इकडेच केली. मंदा बरी आहे. लांब आहे तरी येऊ नये.”

“काय म्हनतोय?” गयाबाईने बाहेरून विचारलं. “बरी हायती का समदी?”

बाईंचा हात तसाच पुढे होता. कोमलने मोबाइल दिला नाही. तिने तो निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी मनात. मग बाकावर उभी राहून तिने दोन्ही हातांनी गज धरले आणि आजीच्या कानाशी तोंड नेलं. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. गयाबाई खाली बसली, म्हणजे खिडकीतून दिसेनाशी झाली. मागचा माणूस विजेचं बिल घडी करून खिशात घालून निघून गेला.

बाईंनी मला वर्गावर थांबायला सांगितलं आणि दोघींना घेऊन घरी गेल्या. चारला परत आल्या. हजेरी भरली. खिडकी आतून लावून घेतली. दुसऱ्या दिवशी लोक आले तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “कागद माझ्याकडं द्या.” तेव्हापासून त्या स्वतःच वाचून द्यायच्या. मुलांना पुन्हा बसवलं नाही.

कारखान्याहून कोणी आलं नाही. आठवड्याने गावातला एक मोठा शेतकरी, शाळेच्या समितीवरचा, शाळेत येऊन बसला. बाईंना धीर द्यायला आला होता, मनाने वाईट नव्हता. म्हणाला, “जीवाला लावून घेऊ नका बाई. पोरगीच व्हती म्हनायचं आन् पुढं चालायचं.”

“पोरगी व्हती ते मला म्हाईत हाय,” बाई म्हणाल्या. “तुमाला काय पायजे ते बोला.”

त्याला काही नको होतं. चहा न घेता गेला.

कोमल शाळेत येत राहिली. वाचायला सांगितलं तर वाचायची, स्पष्ट आणि न अडखळता. कोण आणि काय झालं ते सांगायची. तिसरा प्रश्न बाई तिला विचारायच्या नाहीत. काही दिवसांनी मला जाणवलं की त्या तो कोणालाच विचारत नाहीत.

पाडवा झाल्यावर मंदा आली. शाळा सुटली होती, मी हजेरीपट आवरत होते. बाई फळा पुसत होत्या. मंदा दारातच बसली. वाळली होती, पण पोट दिसत होतं.

“कोमलचं वाचन कसं हाय?” तिने विचारलं.

“वाचती.”

मी उठून जावं का ते मला कळेना, आणि दारात मंदा होती.

“माझं चुकलं, मंदे,” बाई फळ्याकडे बघतच म्हणाल्या.

“तसं म्हनू नका.” मंदाचा आवाज चढला नाही. “तुमचं चुकलं म्हनलं की माझं बी चुकलं. हो म्याच म्हनलं व्हतं ना? झोळी बांदली व्हती. बाभळीला. तिथनं उतरून पाचटात जाऊन निजली. सावली व्हती तिथं. तुमी चुकलं म्हनाल आन् वडगावला जाल. म्या कुठं जाऊ?”

बाईंनी डस्टर खाली ठेवलं.

“पाचवा चालू हाय मला,” मंदा म्हणाली. “दिवाळीला ल्योक म्हना लेक म्हना, तीन म्हैन्याचं असंल. औंदा कोमल संगं येनार. तुमी आमच्या दारात येऊ नका, बाई. तुमी आलात तर म्या पुन्ना हो म्हनंन.”

एवढं बोलून ती उठली. जाताना मला म्हणाली, “येते मॅडम.”

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कोमल चौथीत होती. बाईंनी तिला शाळेच्या तासभर आधी बोलवायला सुरुवात केली. चौथीचं पुस्तक दिवाळीआधी संपवायचं होतं. पावसात छत गळायचं तिथे बादली ठेवून दोघी बसायच्या. बाई इतक्या घाईने शिकवायच्या की मला ऐकवत नसे. त्या धड्यामागून धडे काढायच्या, शब्दांच्या याद्या करून घ्यायच्या, नवे शब्द घोकून घ्यायच्या. घोकंपट्टीला ज्या बाईंनी आयुष्यभर नावं ठेवली त्या बाई. कोमल सगळं करायची. ऑगस्टमध्ये मंदाला मुलगा झाला. त्यानंतर कोमल सकाळी येईनाशी झाली. मग दुपारीही अधूनमधून. एकदा ती बाळाला घेऊनच वर्गात आली आणि बाईंनी काही न बोलता तिची जागा बदलून तिला दाराजवळ बसवलं, वारं लागेल अशी. पुस्तकातले सहा धडे राहिले.

दिवाळी जवळ आली तशी मी रोज संध्याकाळी वाट पाहायचे, आता निघतील म्हणून. बाई निघाल्या नाहीत. मंदाच्या दारात नाहीत आणि कोणाच्याच नाहीत. गावात तो बोलण्याचा विषय झाला. आदल्या वर्षी सात मुली मागे थांबल्या होत्या. या वर्षी दोन. मी धीर करून एकदा म्हणाले, बाकीच्यांच्या घरी तरी जाऊ या, मी येते. बाई म्हणाल्या, “काय सांगू त्यांना? म्या हाय हितं, असं?”

अजूनही मला सुचलेलं नाही, काय बोलायला हवं होतं.

गाड्या निघायच्या दिवशी सकाळी मी पारापाशी गेले. उजाडून थोडाच वेळ झाला होता. ट्रक उभा होता, त्यात गोण्या, चुलीचं सामान, कोंबड्यांची पाटी, कोयते पोत्यात गुंडाळलेले. माणसं चढत होती. कोमल वर, गोण्यांच्या ढिगावर, मांडीवर भाऊ घेऊन बसली होती. शेजारी मंदा. ट्रक वळवण्यासाठी थोडा मागे घ्यायला हवा होता, आणि ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

तेव्हा बाई ट्रकच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कधी आल्या मी पाहिलं नव्हतं.

“बाई, बाजूला व्हा,” ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला.

“थांब.”

त्यांनी पदर खोचला, एक हात जमिनीवर टेकवला आणि वाकून डाव्या चाकांखाली पाहिलं. मग वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या. तिथेही वाकल्या. दोन बायका वरून बघत होत्या. कोणी हसलं नाही.

“काय हरवलंय का?” ड्रायव्हरने विचारलं.

“ल्हान लेकरं किती हायती तुझ्या गाडीत?”

“मला काय म्हाईत? माझं काम गाडी चालवायचं.”

“चार,” वरून कोमल म्हणाली. “चारी वर हायती, बाई.”

मंदाने बाईंकडे पाहिलं आणि बाळाच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं. बाईंनी मान हलवली. तरी त्या पुन्हा एकदा खाली वाकल्या, दोन्ही चाकांच्या मधे, अगदी आतपर्यंत. मग उठल्या, तळहाताची माती न झटकता कडेला झाल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “घे. हळू घे.”